वसाहतीतील उंदीर आणि घुशींचा बंदोबस्त: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

सांगलीत आमच्या वसाहतीच्या तीन बाजूंना घरे आहेत आणि चौथ्या बाजूला ऊस आहे. फडावर तोड सुरू झाली की काही दिवसांतच त्यातले उंदीर आणि घुशी कम्पाउंडच्या भिंतीखालून आत शिरतात, आणि मग दर वर्षी तेच घडते. कोणीतरी दुकानातून विषाची पाकिटे आणतो आणि ओट्याखाली, माळ्यावर, जिन्याखाली ठेवतो. चार उंदीर मरतात, त्यातला एक कपाटामागे कुजतो, घरभर वास सुटतो, आणि दीड-दोन महिन्यांनी खुडबुड पुन्हा सुरू होते. माझ्या घरातही एकदा हेच झाले होते. स्वयंपाकघराच्या ट्रॉलीमागे मेलेला उंदीर काढण्यासाठी सुताराला बोलवावे लागले, आणि तो उंदीर आत आला होता ते सिंकच्या पाइपाभोवतीचे भोक त्यानंतरही महिनाभर तसेच उघडे होते.

यात विषाचा दोष कमी आणि क्रमाचा अधिक असतो. उंदराची मादी २१ ते २३ दिवसांत वितते, एका वेळी साधारण पाच ते दहा पिल्ले देते आणि ती पिल्ले सुमारे तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. खाणे, पाणी आणि लपायला जागा जशीच्या तशी ठेवून केवळ मारत राहिले, तर रिकामी झालेली बिळे शेजारचे उंदीर भरून काढतात. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत आणि एकट्या घराने न करता निदान पूर्ण गल्लीने एकाच वेळी करावेत.

पूर्वतयारी: माणसे, वेळ आणि सामान

सर्वप्रथम मोहिमेची हद्द ठरवावी. एक गल्ली, तिच्या दोन्ही बाजूंची घरे, मागची बोळ, मधले मोकळे प्लॉट आणि हद्दीवरचे दुकान किंवा पिठाची गिरणी असल्यास तीही, एवढे क्षेत्र एकत्र धरावे. गिरणी, किराणा दुकान, चिकनचे दुकान किंवा मंगल कार्यालय हद्दीत असेल आणि त्याचा चालक बैठकीला नसेल, तर उरलेल्या घरांची निम्मी मेहनत वाया जाते, हे गृहीत धरूनच पुढे जावे. बांधाला लागून शेत असेल तर शेतमालकालाही बोलवावे, कारण बांधावरच्या बिळांचे काम त्याच्याशिवाय होत नाही.

हंगामाचा विचार करता मोठी मोहीम मे महिन्यात किंवा जूनच्या आरंभी, पावसापूर्वी घ्यावी. त्या वेळी शिवारात खाणे कमी असते, त्यामुळे आमिष लवकर खाल्ले जाते. पाऊस सुरू झाल्यावर बिळांत पाणी शिरते आणि उंदीर कोरड्या जागेच्या शोधात घरांकडे वळतात. त्या वेळी भिंतींची भोके बुजवत बसायला वेळ नसतो, आणि ओल्या भिंतीवर प्लास्टरही नीट धरत नाही. दुसरी, लहान फेरी ऊसतोडीच्या काळात, म्हणजे शेजारचा फड तुटण्यापूर्वी आठवडाभर घ्यावी.

सामानात रबरी हातमोजे, मास्क, चांगली बॅटरी, रांगोळी, खडू, सहा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक भोकांची गॅल्व्हनाइज्ड जाळी, वाळू-सिमेंट, पत्र्याच्या पट्ट्या, पिंजरे, लाकडी चाप, ब्लीचिंग पावडर आणि एक जाड वही एवढे असावे. वही सांभाळण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे द्यावी. चौघांकडे दिली की तिसऱ्या दिवशी कोणाकडेच सापडत नाही. एकंदर काम पाच ते सहा आठवड्यांचे आहे, हे बैठकीतच स्पष्ट सांगावे, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात लोकांचा उत्साह मावळत नाही.

टप्पा १: नेमका कोण आहे ते ओळखणे

सापळा कोठे लावायचा आणि आमिष कशाचे ठेवायचे हे प्राण्यावर अवलंबून असते. आमच्या भागात प्रामुख्याने चार पाहुणे आढळतात.

घरउंदीर सडपातळ असतो, त्याची शेपटी डोक्यासह धडापेक्षा लांब असते आणि तो उत्तम चढतो. छताखाली, पोटमाळ्यावर, कौलांत, नारळाच्या झावळ्यांत आणि केबलवर तो दिसतो. त्याच्या लेंड्या सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि टोकदार असतात.

घूस जाड, बोथट तोंडाची आणि तुलनेने आखूड शेपटीची असते. ती जमिनीत राहते, गटाराच्या कडेला, शोषखड्ड्याजवळ, पायाखाली आणि बागेच्या वाफ्यांत बीळ करते, आणि बिळाच्या तोंडाशी ताज्या, भुसभुशीत मातीचा ढीग टाकते. बऱ्याचदा ती आत शिरल्यावर तोंड मातीने बुजवून घेते, त्यामुळे उघडे भोक दिसत नाही म्हणून बीळ रिकामे समजू नये. तिच्या लेंड्या घरउंदराच्या लेंड्यांपेक्षा ठळक आणि मोठ्या असतात.

घरातला लहान उंदीर अंगठ्याएवढा असतो. त्याच्या लेंड्या तीन ते सहा मिलिमीटरच्या असतात आणि तो धान्याच्या डब्यामागे किंवा पुस्तकांच्या कपाटातही संसार थाटतो.

चिचुंद्री ही उंदीर नव्हे. लांब टोकदार नाक, बारीक डोळे, चिक्-चिक् आवाज आणि उग्र वास यांवरून ती ओळखावी. ती मुख्यतः झुरळे व किडे खाते. तिच्यासाठी विष मांडू नये. झुरळे कमी केली आणि दाराखालची फट बंद केली की ती आपोआप कमी होते.

नेहमीची चूक: अंगणात घूस असताना माळ्यावर पिंजरे लावले जातात, किंवा माळ्यावर घरउंदीर असताना अंगणातली बिळे खणली जातात. लेंड्या आणि मातीचे ढीग पाहिल्याशिवाय एकही सापळा विकत घेऊ नये.

टप्पा २: बिळांची मोजणी आणि वाटांचा माग

रात्री नऊ-दहाच्या सुमारास बॅटरी घेऊन दोघांनी गल्लीची फेरी मारावी. उंदीर मोकळ्यातून कमी आणि भिंतीला अंग घासत अधिक चालतो. त्यामुळे त्याच्या नेहमीच्या वाटेवर भिंतीच्या तळाशी काळपट, तेलकट पट्टा उमटतो. असा पट्टा, कुरतडलेली लाकडी चौकट, पिशव्यांची भोके, ताज्या मऊ लेंड्या आणि मूत्राचा वास जेथे मिळेल तेथे खडूने आकडा लिहावा आणि वहीत नोंद करावी. संशयाच्या जागी, म्हणजे मोरीपाशी, जिन्याखाली, टाकीच्या कट्ट्यावर, झोपण्यापूर्वी रांगोळीचा सुमारे फूटभर लांब-रुंद पातळ थर पसरावा. सकाळी त्यावरचे पायांचे आणि शेपटीचे ठसे कोठून कोठे जातात ते पाहावे. ही युक्ती स्वस्त असूनही सर्वांत कमी वापरली जाते.

बिळांची मोजणी अशी करावी. संध्याकाळी हद्दीतले प्रत्येक बीळ ओल्या मातीने किंवा कागदाच्या बोळ्याने बंद करावे आणि त्याला क्रमांक द्यावा. दुसऱ्या सकाळी जी बिळे पुन्हा उघडलेली असतील तीच चालू बिळे समजावीत. समजा ४० बिळे बंद केली आणि १५ उघडली, तर पुढचे सर्व काम त्या १५ बिळांभोवती करायचे आहे. उरलेल्या २५ बिळांवर पैसा खर्च करू नये, मात्र नंतर ती दगड-मातीने कायमची भरावीत. घुशीच्या बिळांबाबत मातीचा ताजा ढीग हाच चालू असल्याचा पुरावा धरावा.

तपासणी: वहीत चालू बिळांची संख्या, त्यांची ठिकाणे आणि तारीख लिहून झाली का? नसल्यास पुढे जाऊ नये. शेवटच्या टप्प्यावर याच आकड्याशी तुलना करायची आहे.

टप्पा ३: खाणे, पाणी आणि आडोसा तोडणे

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच सगळे तो वगळतात. पण खरकट्याचा ढीग शेजारी असताना उंदीर तुमच्या सापळ्यातल्या भज्यासाठी जीव धोक्यात घालील, ही अपेक्षाच चुकीची आहे. आमिषाला चव यावी म्हणून आधी इतर सर्व चवी बंद कराव्या लागतात.

धान्यापासून सुरुवात करावी. आमच्याकडे शाळू, गहू, तांदूळ वर्षाचा भरण्याची पद्धत अजून आहे आणि ती पोती बहुतेक वेळा खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकवून, थेट फरशीवर ठेवली जातात. हे धान्य पत्र्याच्या कोठीत किंवा घट्ट झाकणाच्या पिंपात जावे. तेवढी कोठी नसेल तर पोती लाकडी मांडणीवर, जमिनीपासून आणि भिंतीपासून निदान ४५ सेंटिमीटर दूर रचावीत, म्हणजे खालून आणि मागून झाडता येते व ठसे दिसतात. भुईमुगाच्या शेंगा, बेदाणे, गुळाच्या ढेपा, जनावरांची पेंड आणि कोंबड्यांचे खाद्य यांचाही हाच नियम. प्लास्टिकचा डबा म्हणजे सुरक्षित डबा नव्हे. घूस जाड प्लास्टिकही पोखरते.

ओला कचरा रात्री दारात ठेवू नये. घंटागाडी सकाळी येते. पिशवी तिच्या वेळेलाच बाहेर आणावी आणि तोवर झाकणाच्या बादलीत ठेवावी. कबुतरांना टाकलेले धान्य आणि भटक्या कुत्र्यांसाठी गेटपाशी ठेवलेली भाकरी हा वसाहतीतला नाजूक विषय आहे, हे मला ठाऊक आहे. कोणाच्या भूतदयेत आड न येता एवढे ठरवता येते की खाणे ठरावीक भांड्यात, दिवसाउजेडी द्यावे आणि अर्ध्या तासाने उरलेले उचलावे. कंपोस्टचा खड्डा उघडा असेल तर त्यावर जाळीचे झाकण बसवावे आणि त्यात शिजवलेले अन्न टाकू नये.

पाण्याकडे कोणी लक्ष देत नाही. गळका नळ, एसीच्या नळीखालचा सतत ओला कोपरा, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलरची टाकी आणि तुंबलेले गटार यांतून उंदरांची तहान भागते. उन्हाळ्यात तर पाण्याची जागा हीच त्यांची सर्वांत ठरलेली वाट असते, म्हणून सापळ्यासाठी ती लक्षात ठेवावी आणि मगच कोरडी करावी.

आडोसा म्हणजे बांधकामातून उरलेल्या विटा, फरश्यांचे तुकडे, सेंट्रिंगच्या फळ्या, भंगार, मोकळ्या प्लॉटवरचे गाजरगवत आणि भिंतीवर चढवलेली दाट वेल. भिंतीलगतची तीन फुटांची पट्टी पूर्ण मोकळी ठेवावी. महिनोन् महिने जागेवर उभी असलेली मोटारही घर ठरते. तिची वायर कुरतडली गेल्यावरच मालकाला आठवण होते.

इशारा: जुना अडगळीचा ढीग हलवताना नाग, घोणस किंवा विंचू असू शकतो. उंदीर असतात तेथे साप येतात. पायात बूट, हातात जाड हातमोजे आणि लांब काठी घेऊन, दिवसाच काम करावे. साप दिसल्यास सर्पमित्राला बोलवावे. धामण बिनविषारी असून उंदीर खाते, तिला मारू नये.

टप्पा ४: भोके आणि फटी बुजवणे

लहान उंदीर सुमारे सहा मिलिमीटरच्या आणि मोठ्या उंदराचे पिल्लू सुमारे १२ मिलिमीटरच्या फटीतून आत येते. सोपी चाचणी अशी: पेन्सिल शिरत असेल तर लहान उंदीर शिरेल, अंगठा शिरत असेल तर मोठाही शिरेल.

येथे क्रम विशेष महत्त्वाचा आहे. आत उंदीर असताना घराची सर्व भोके एकाच दिवशी बंद केली, तर अडकलेला उंदीर दारे, वायरी आणि पाइप कुरतडतो किंवा भिंतीच्या पोकळीत मरतो. म्हणून प्रत्येक घरात जास्तीत जास्त वापरातली एक वाट वगळून बाकी सर्व बुजवावीत, त्या एका वाटेवर टप्पा ५ मधील सापळे मांडावेत, आणि सलग तीन-चार रात्री रांगोळीवर ठसे न उमटल्यावरच ती वाट बंद करावी.

कोठे पाहावे? सिंक, वॉश बेसिन आणि वॉशिंग मशीनचे पाइप भिंतीतून जेथे बाहेर पडतात ती जागा, एसी आणि इंटरनेटच्या वायरीची भोके, गॅसच्या पाइपची जागा, स्वयंपाकघराच्या ट्रॉलीमागची उघडी वीट, मोरीची जाळी, शौचालयाच्या हवेच्या पाइपचे उघडे तोंड, ड्रेनेजच्या चेंबरचे तुटके झाकण, दाराखालची फट, आणि पत्र्याचे छत भिंतीला जेथे टेकते तेथल्या पन्हळींच्या पोकळ्या. शेवटची जागा बहुतेक गवंडी विसरतात.

बुजवण्याचे साहित्य निवडताना फसगत होते. कापडाचा बोळा, थर्मोकोल, पुठ्ठा आणि फवाऱ्याने फुगणारा फोम हे उंदराला अडवत नाहीत, ते फक्त आपल्या नजरेला भोक बंद झाल्याचे समाधान देतात. भोकात आधी जाळीचा तुकडा दुमडून घट्ट बसवावा आणि त्यावर वाळू-सिमेंटचे प्लास्टर करावे. जुने गवंडी गिलाव्यात काचेचा चुरा घालतात. तो उपयोगी पडतो, पण हातमोज्याशिवाय हाताळू नये. दाराच्या तळाला बाहेरून पत्र्याची पट्टी ठोकावी आणि खाली सहा मिलिमीटरपेक्षा अधिक फट राहू देऊ नये. मोरीला व हवेच्या पाइपला गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी बसवावी. प्लास्टिकची जाळी एका रात्रीत जाते.

घरउंदरासाठी वरच्या वाटाही तोडाव्या लागतात. आंबा, पेरू किंवा वेलीच्या फांद्या छतापासून निदान चार फूट दूर छाटाव्यात. नारळाच्या खोडाभोवती जमिनीपासून साधारण दोन मीटर उंचीवर ४० सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. मात्र शेजारच्या झाडाची झावळी त्याच नारळाला टेकत असेल तर पत्र्याचा उपयोग शून्य.

घूस पायाखाली शिरली असेल तर बीळ केवळ वरून लिंपून भागत नाही, दोन दिवसांत शेजारी नवे तोंड निघते. आमची काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि त्या भेगांतून तिला आयतीच सुरुवात मिळते. पायाच्या कडेने सुमारे ६० सेंटिमीटर खोल चर खणून त्यात काँक्रीटची पातळ भिंत उभी करावी आणि तिचा तळ बाहेरच्या बाजूला ३० सेंटिमीटर वळवावा. खणत खाली आलेली घूस त्या आडव्या पायरीवर अडते. खर्च आहे, परंतु एकदाच आहे. सर्व बाजूंना शक्य नसेल तर गटार आणि शोषखड्ड्याकडील बाजू आधी करावी.

तपासणी: बुजवलेल्या प्रत्येक जागेजवळ तीन रात्री रांगोळी पसरावी. ठसे बाजूला सरकले असतील तर नवी वाट शोधावी.

टप्पा ५: सापळे

मोठा उंदीर आपल्या वाटेवर अचानक आलेली नवी वस्तू काही दिवस टाळतो. ही एक गोष्ट न कळल्यामुळे लोक पहिल्याच रात्री पिंजरा ताणून ठेवतात, सकाळी तो रिकामा पाहतात आणि कपाटावर फेकतात. योग्य पद्धत अशी की पहिल्या तीन-चार रात्री पिंजरे आणि चाप न ताणता, फक्त आमिष घालून, ठरलेल्या जागी ठेवावेत. उंदीर खाऊन जातो आणि निर्धास्त होतो. मग एका ठरलेल्या रात्री गल्लीतले सर्व सापळे एकदम ताणावेत. त्या आणि पुढच्या दोन रात्रींत जेवढे सापडतात तेवढे नंतर सापडत नाहीत, म्हणून एका घरात एक सापळा ठेवण्यापेक्षा चार ठेवून काम आठवड्यात उरकावे.

चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा. भिंतीला समांतर ठेवायचा असेल तर दोन चाप पाठीला पाठ लावून ठेवावेत, म्हणजे उंदीर कोठूनही आला तरी सापडतो. खोलीच्या मधोमध ठेवलेला सापळा हा केवळ शोभेचा असतो. आमिष त्याच घरात जे चोरले जाते त्याचेच असावे: तेल लावलेला भाकरीचा तुकडा, भजे, सुके खोबरे, शेंगदाण्याचा कूट आणि गूळ, सुकट किंवा बोंबील. तुकडा दोऱ्याने बांधावा, नाहीतर तो सफाईने काढून नेला जातो. घुशीसाठी मोठा, मजबूत पिंजराच वापरावा. लहान उंदराचा चाप ती ओढून नेते.

जिवंत सापडलेल्या उंदराचे काय करायचे हे पिंजरा लावण्यापूर्वी ठरवावे. रात्री पिंजरा गाडीवर घेऊन नदीकाठी किंवा दुसऱ्याच्या शिवारात सोडून येणे म्हणजे आपले दुखणे शेजाऱ्याच्या दारात ठेवणे आहे. पिंजऱ्यातला उंदीर स्वतः मारणे ज्यांना जमत नाही त्यांनी पिंजऱ्याऐवजी तत्काळ मारणारा चापच वापरावा. चिकट गोंदाच्या फळ्या वापरू नयेत. त्यांवर उंदीर तासन् तास तडफडतो, सोबत पाली आणि चिमण्याही चिकटतात, आणि भारतीय प्राणी कल्याण मंडळाने त्यांच्या विरोधात राज्यांना सूचना दिलेल्या आहेत.

कानाला न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रे, डांबरगोळ्या आणि कापूर यांवर खर्च करू नये. उंदीर त्यांना लवकर सरावतो.

टप्पा ६: विष, केवळ गरज उरल्यास आणि केवळ घराबाहेर

वरील पाच टप्प्यांनंतर चालू बिळे निम्म्याहून अधिक कमी झालेली असतील तर विषाची गरज बहुधा पडत नाही. पडलीच तर घरात कधीही मांडू नये, कारण विष खाल्लेला उंदीर कोठे मरेल ते आपल्या हातात नसते.

रहिवाशांनी स्वतः हाताळण्याजोगे विष म्हणजे ब्रोमाडायोलोनच्या ०.००५ टक्क्यांच्या तयार वड्या. ते रक्त गोठू देत नाही आणि उंदीर साधारण चार ते सात दिवसांनी मरतो, त्यामुळे इतर उंदरांना संशय येत नाही. वडी उघड्यावर कधीही टाकू नये. तीन-चार इंच व्यासाचा पीव्हीसी पाइप फूट-दीड फूट लांबीचा कापून, भिंतीलगत पक्का बांधून, वडी त्यात तारेने अडकवावी. पाइपवर "विष" असे ठळक लिहावे. दर तीन दिवसांनी पाहून खाल्लेली वडी बदलावी, आणि खाणे थांबल्यावर उरलेले सर्व काढून घ्यावे. वर्षभर ठेवून द्यायची ही वस्तू नव्हे.

झिंक फॉस्फाइड ही करडी-काळी पूड पोटातल्या आम्लाशी मिसळून फॉस्फिन हा विषारी वायू सोडते आणि तिच्यावर विशिष्ट उतारा नाही. आधी साधे आमिष न देता थेट तीच मांडली तर अर्धवट खाल्लेले उंदीर आजारी पडून वाचतात आणि पुढे ते आमिषच टाळतात. वसाहतीत हे काम परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडेच द्यावे. बिळात सोडायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर सामान्य नागरिकाने विकत घेणे व वापरणे नियमात बसत नाही, आणि घराच्या पायाजवळच्या बिळात टाकल्यास वायू भेगांतून खोलीत येऊन झोपलेली माणसे दगावतात. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नये. तिने यकृत निकामी होते.

इशारा: मुलाने किंवा कोणीही विष खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी पाकिटासह तत्काळ रुग्णालय गाठावे. ओकारी काढू नये, दूध किंवा तूप पाजू नये. "आता बरा खेळतोय" म्हणून थांबू नये, कारण ब्रोमाडायोलोनची लक्षणे दोन-तीन दिवसांनी दिसतात आणि फॉस्फरसमध्ये मधले एक-दोन दिवस फसवे बरे वाटते. ब्रोमाडायोलोनवर के-१ जीवनसत्त्व हा उतारा आहे, म्हणून डॉक्टरांना नेमके नाव कळणे आवश्यक असते.

मोहिमेच्या काळात पाळलेली मांजरे व कुत्री बांधून ठेवावीत. विषाने मंदावलेला उंदीर खाऊन गव्हाणी घुबडही मरते, आणि ते तर रोज रात्री आपले काम फुकट करत असते.

टप्पा ७: मेलेले उंदीर आणि स्वच्छता

मेलेला उंदीर उघड्या हाताने किंवा शेपटी धरून उचलू नये, आणि रस्त्यावर फेकण्याची सवय तर सोडावीच. हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बांधावा आणि विहीर-बोअरपासून दूर, दोन फूट खोल पुरावा. लेंड्या कोरड्या झाडू नयेत, त्यांची धूळ श्वासात जाते. एक लिटर पाण्यात साधारण ३० ते ३५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर ढवळून ते पाणी त्यांवर शिंपडावे, दहा मिनिटे थांबावे आणि मग ओल्या कापडाने पुसून घ्यावे. या पाण्यात ॲसिड किंवा फिनाइल मिसळू नये.

विष न टाकताही एकाच भागात अनेक उंदीर मरून पडलेले दिसले तर त्यांना हात न लावता महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे.

उंदीर चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

पूर ओसरल्यानंतरची वेगळी खबरदारी

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेकाठच्या घरांना जो अनुभव आला, त्यावरून हा भाग वेगळा लिहितो. पाणी चढते तसे उंदीर वर, म्हणजे पहिल्या मजल्यावर आणि माळ्यावर जातात आणि पाणी उतरल्यावर ओले धान्य त्यांच्या हाती लागते. म्हणून परतल्यावर आधी भिजलेले धान्य हलवावे, फर्निचर नंतर. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू चिखलात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या त्वचेतून शरीरात जातात. गाळ काढताना गमबूट आणि हातमोजे घालावेत, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी. पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळ्यांत लाली दिसल्यास डॉक्टरांना चिखलात काम केल्याचे आवर्जून सांगावे. प्रतिबंधक गोळ्या आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

पुरानंतर जुन्या मोजणीवर विसंबू नये. बिळांची तोंडे गाळाने भरलेली असतात आणि नवी बिळे नव्या जागी निघतात. टप्पा २ पुन्हा पहिल्यापासून करावा.

टप्पा ८: फेरमोजणी

सापळे किंवा विष बंद केल्यानंतर दहा दिवसांनी टप्पा २ मधील मोजणी त्याच पद्धतीने आणि त्याच हद्दीत पुन्हा घ्यावी. १५ चालू बिळांची दोन-तीन झाली असतील तर त्या जागी सापळे चालू ठेवावेत. दहा-बारा उरली असतील तर सापळे वाढवण्यापूर्वी खाण्याची जागा शोधावी. ती बहुतेक वेळा एकच असते, आणि बैठकीला न आलेल्याच्या आवारात असते.

त्यानंतर वर्षभर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांनी अर्धा तास फेरी मारून चेंबरची झाकणे, मोरीच्या जाळ्या, दाराखालच्या पट्ट्या आणि नारळाचे पत्रे पाहावेत व नवी बिळे वहीत लिहावीत. शेजारच्या फडावर कोयता कधी लागणार आहे ते शेतमालकाला विचारून ती तारीखही वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावी.